पाना कुठला?

खराडी बायपासवरून आत वळलं की पत्र्याचं एक गॅरेज लागतं. चहूबाजूंनी काचेच्या इमारती चढल्या, हे पत्र्याचंच राहिलं. इथले मिस्त्री गाडीआधी पाना बघतात. तुम्ही डिकीतला पाना पुढे केलात, की तो तळहातावर तोलतात, फरशीवर हलकेच आपटतात आणि कान देतात. 'टण्ण' वाजला तर मान डोलते. 'ठप्प' वाजला तर पाना मुकाट्यानं परत मिळतो, पत्रिका जुळली नाही की परत येते तसा.

परवा ईऑन आयटी पार्कमधला एक पोरगा ऑनलाइन मागवलेली पेटी घेऊन आला. आत एकशे आठ नग.

"एकशे आठ? जप करायचाय का सर?"

पोरानं घाईघाईत त्यातला बारा-तेराचा फिक्स लावून घट्ट नटावर जोर केला. पान्याचा जबडा फाकला, नटाचे कोपरे गोल झाले. "पण ह्याच्यावर क्रोम व्हॅनेडियम लिहिलंय!"

"रिक्षावर 'आईची कृपा' लिहितात. हप्ता फायनान्सवाल्याचाच असतो."

मग प्रवचन. फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो, रिंग सगळ्या कोपऱ्यांना. आवळलेला नट रिंगनं सोडवायचा, फिक्सनं फक्त फिरवून काढायचा. हे ज्याला कळत नाही, त्यानं ब्रँडची चर्चा करू नये. स्वतः मात्र दिवसभर तीच करतात.

दैवत नाशिकचं, तापरिया. स्टॅन्ले दुसऱ्या पंगतीला. जालंधर-लुधियानाचा माल आंब्यासारखा, एकेक नग बघून घ्यायचा. जर्मन गेडोरे जुन्या बाजारात रविवारी नशिबानं सापडला तर. अमेरिकन स्नॅप-ऑन त्यांनी मोबाइलवरच पाहिलाय, पण बोलतात चुलतभावाबद्दल बोलावं तसं. स्क्रू पान्याला मात्र गॅरेजात थारा नाही. "आळशाचं हत्यार!" मी म्हटलं, "अहो, त्याचं पेटंट एका स्वीडिश माणसानं घेतलं. आणि तुमचा तापरियासुद्धा 1969 साली स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानंच उभा राहिला."

मिस्त्री क्षणभर गप्प. मग म्हणाले, "एका आईची दोन पोरं. एक शिकलं, एक उनाड निघालं."

खरी प्रतवारी त्यांनी मला चहावर सांगितली. पाने तीन जातींचे. फाकणारे, झिजणारे आणि चोरीला जाणारे. तिसरी जात सर्वोत्तम. "भिकार पाना वीस वर्षं भिंतीवर लटकतो, कोणी हात लावत नाही. चांगला पाना 'पाच मिनिटांत आणून देतो' म्हणून जातो." मला हे शंभर टक्के पटलं. जाताना मी त्यांचा दहा-अकराचा पाच मिनिटांसाठी मागून घेतला.

त्याला आता तीन महिने झाले. तापरियाच आहे.