डोळ्यांत पाणी, फ्रिजमध्ये कांदा

कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून काय करावं, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तोंडात पाण्याची गुळणी धरा, डोक्यावर कांद्याची फोड ठेवा, वगैरे. सांगणाऱ्यांचे डोळे कोरडे असतात, कारण ते स्वतः कांदा चिरत नसतात. त्यातला एकच उपाय मला शास्त्राला धरून वाटतो: कांदे आधी फ्रिजमध्ये ठेवणं.

अख्खा कांदा टोपलीत गपगुमान पडून असतो. त्याच्या पेशींत गंधकाची संयुगं एका कप्प्यात आणि विकरं, म्हणजे एन्झाइम्स, दुसऱ्यात. विळीवर कांदा उभा चिरला की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि काही क्षणांत झोंबणारा वायू डोळ्यांपर्यंत पोचतो. हा वायू बनवणारं विकर वेगळंच आहे, हे जपानी शास्त्रज्ञांनी 2002 मध्ये दाखवलं. 2013 मध्ये त्यांना आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं इग नोबेल मिळालं. रडवणाऱ्याच्या शोधाला हसऱ्यांचं पारितोषिक, यापेक्षा चोख न्याय कुठला!

विकराचं वागणं मानपानातल्या जावयासारखं. गारव्यात नुसतं रुसतं, काम रेंगाळत करतं. ऊब मिळाली की पुन्हा जोमात. साधारण दहा अंश वाढले की कामाचा वेग दुपटीच्या आसपास जातो. पण फार तापवलंत तर प्रथिनाची घडीच उलगडते, आणि मग कितीही गार करा, समजूत पटत नाही. म्हणून वाटणासाठी निखाऱ्यावर भाजलेला कांदा चिरताना टिपूसही येत नाही.

गारव्यानं विकर फक्त रुसतं, मरत नाही, हे मटार फ्रीझरमध्ये ठेवताना ज्यांनी ध्यानात घेतलं नाही, त्यांची उसळ गणपतीपर्यंत वाळल्या गवतासारखी लागते. बर्फातही विकरं हळूहळू चालूच असतात. दाणे आधी मिनिट-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून लगेच गार पाण्यात काढायचे असतात.

लसणीची तऱ्हा तीच, फक्त तिचं विकर आंबटालाही भितं. अख्ख्या पाकळ्या आमटीत उकळल्या तर गरीब गाय. ठेचून जरा वेळ ठेवल्या आणि मग फोडणीत घातल्या तर विकराचं काम आधीच उरकलेलं, स्वाद खमंग. हिरव्या चटणीत लिंबू आधी पिळून मिक्सर फिरवला तर लसूण मवाळ राहते, शेवटी पिळलं तर झणझणीत. यावरून घराघरांत वाद आहेत. आमच्याकडे लिंबू शेवटी.