बोध काय घ्यायचा, सर?

शिक्षकांसाठी निवासी चित्रपट शिबिर घ्यायचं म्हटलं की लोक विचारतात, वक्ते कोण, सिनेमे कुठले, जेवणाला काय. अंधाराचं काय करणार, हे कुणी विचारत नाही. खरी मारामारी तिथेच असते.

वाईजवळ कृष्णाकाठी एक मंगल कार्यालय मिळालं. राहायला खोल्या, हाताशी आचारी, आणि मुहूर्त नसल्यामुळे भाडंही बेताचं. फक्त बांधणाऱ्याने नवरा-नवरीचा फोटो कुठूनही काढला तरी झकास यावा म्हणून चहूबाजूंनी खिडक्या ठेवलेल्या. मंडपवाल्याकडे काळं कापड मागितलं, तर तो दोन पावलं मागेच सरकला. "काळं आपल्याकडं कुणी मागत नाही, सर. गुलाबी न्या, पिवळं न्या, जरीचं न्या." अखेर आचाऱ्याचा मेहुणा धावून आला. वाई हा हळदीचा मुलूख. शिजवलेली हळद वाळत घालायच्या ताडपत्र्या त्याच्याकडे ढिगाने होत्या, त्या त्याने खिडक्यांवर ठोकून दिल्या. ताडपत्र्या निळ्या होत्या, दुपारचं ऊन त्यांच्यातून झिरपत होतं आणि आत हळदीचा वास कोंडला होता. इराणमधलं खेडं आम्ही अशा निळ्या उजेडात पाहिलं, आणि पडद्यावर घामाघूम झालेल्या पोराला सगळ्या सभागृहाने घाम गाळून साथ दिली.

त्याआधी परवानगी. "हे प्रशिक्षण कुठल्या विषयात बसतं?" अशी विचारणा झाली. कला म्हणावं तर फक्त चित्रकलेचे शिक्षक कार्यमुक्त होणार. भाषा म्हणावं तर भाषेचं प्रशिक्षण परवाच झालेलं. शेवटी प्रस्तावावर 'दृक्‌श्राव्य साधनांचा प्रभावी वापर' असं लिहिलं आणि तासाभरात सही झाली. प्रभावी वापराला आजवर कुणी विरोध केल्याचं ऐकिवात नाही.

सिनेमा कुठला, यावर व्हॉट्सअॅपवर मतदान झालं. 'श्यामची आई' प्रचंड मतांनी आघाडीवर होता. १९५४ साली पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलेला आचार्य अत्र्यांचा सिनेमा. त्यावर वरिष्ठही बोट ठेवू शकत नाहीत. शिवाय रडूही येतं आणि बोधही मिळतो, असं एका बाईंनी लिहिलं, त्याला अंगठ्यांचा पाऊस पडला. मी लोकशाही गुंडाळून इराणी दिग्दर्शक किआरोस्तामीचा १९८७चा 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम?' ठेवला. कारण सरळ होतं: त्यात एक वही आहे. अहमद नावाच्या पोराकडून मित्राची वही चुकून घरी येते. गृहपाठ वहीत लिहिला नाही तर मित्राला शाळेतून काढू, असा मास्तरांनी दम दिलेला असतो. म्हणून अहमद ती वही द्यायला शेजारच्या गावी पळत सुटतो. गोष्ट एवढीच. ज्यांचा जन्म वह्या तपासण्यात गेला, त्यांना यापेक्षा थरारपट कुठला दाखवायचा?

संवाद फारसी, खालच्या ओळी इंग्रजी. त्या पळत्या ओळी वाचायच्या की पोराकडे बघायचं, यात सगळ्यांची ओढाताण होईल, म्हणून एका इंग्रजीच्या सरांना माईक दिला. मूकपटांच्या काळात जपानमध्ये पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे बेन्शी असत. मला वाटलं, आपणही एक बेन्शी घडवू. सरांनी पाच मिनिटं भाषांतर केलं आणि मग त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. "आता अहमद कुठे निघाला?" सभागृह एका सुरात: "पोश्तेहला!" "वही कुणाची?" "मोहम्मद रेझाची!" पुढे पुढे तर उशिरा बोलणाऱ्यांना उभं करण्यापर्यंत मजल गेली.

साउंडवाला आदल्या दिवशी एका हळदीला वाजवून आला होता. त्याच्या मिक्सरवर इको तसाच चालू राहिलेला. त्यामुळे अहमदने दिलेली प्रत्येक हाक दोन-तीनदा परत येत होती. मध्यंतरात एका सरांनी उभं राहून डोंगरातल्या प्रतिध्वनीतून दिग्दर्शकाने मुलाचं एकटेपण कसं दाखवलं आहे, यावर असं नेमकं विवेचन केलं की दोन बायांनी ते टिपून घेतलं. तेवढ्यात साउंडवाला पोरगा मला विचारायला आला, "सर, इको काढू का? कालचा राहिलाय." मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. तसं पाहिलं तर वर्गातला मास्तरसुद्धा दरीतून बोलल्यासारखा ऐकू येत होता, पण ते कुणाला खटकलं नव्हतं.

मध्यंतरानंतर अहमद नागमोडी वाटेने टेकडी चढत होता आणि सभागृहात एकदम चाळीसेक मोबाइल उजळले. ताडपत्र्यांनी मोठ्या कष्टाने मिळवलेला अंधार एका क्षणात गेला. गटावर निरोप आला होता: शाळेतील नळांची संख्या सोबतच्या लिंकवर आज सायंकाळी ५ वाजेपर्यंत भरावी, अन्यथा जबाबदारी मुख्याध्यापकांची. सिनेमा थांबवला. नळ भरले. चालू किती, बंद किती, दुरुस्तीयोग्य किती. मग मागच्या रांगेतून एक सर म्हणाले, "हा अहमद आपल्यातलाच दिसतो. आज वही पोचली नाही तर उद्या कारवाई." त्यानंतर कुणी हूं का चूं केलं नाही. अहमदच्या आजोबांचा प्रसंग मात्र हशा घेऊन गेला. लहानपणी मला दर आठवड्याला एक नाणं आणि दर पंधरवड्याला मार मिळायचा. वडील कधी नाणं विसरले असतील, पण मार कधी नाही, असं ते अभिमानाने सांगतात. प्रत्येकाला आपापल्या स्टाफरूममधला आजोबा आठवला असावा, कारण सगळे एकाच दिशेला बघत होते.

खरी चर्चा पेटली ती शेवटावर. अहमद रात्री बसून मित्राचा गृहपाठ स्वतःच लिहितो. दुसऱ्या दिवशी मास्तर वही बघतात, शाबासकी देतात, सिनेमा संपतो. एक गणिताच्या मॅडम तडक उभ्या राहिल्या. "त्या मास्तरांना अक्षर ओळखता आलं नाही? दोन पोरांचं अक्षर एक कसं असेल? मी तिथल्या तिथे पकडलं असतं." बरोबरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मग निवृत्तीला आलेल्या एक प्राथमिकच्या बाई बसल्या जागेवरून, विणकाम न थांबवता, म्हणाल्या, "ओळखलंय हो त्यांनी. ओळखून सही केलीय." इथे जे भांडण जुंपलं ते जेवणाच्या पंगतीत, अंथरुणांवर आणि दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या प्लेटा घेऊन चालूच होतं. पुण्याला रसास्वादाच्या अभ्यासक्रमात आम्ही सतीश बहादूरांनी 'पथेर पांचाली' कसा शॉट-शॉट उलगडून शिकवला, याच्या गोष्टी ऐकत मोठे झालो. पण वहीवरच्या सहीमागे मास्तरांच्या मनात काय होतं, यावर रात्री अकरापर्यंत वाद घालायला माणूस वर्गात उभा राहिलेलाच लागतो.

एक गुरुजी मात्र प्रत्येक सत्राच्या शेवटी हात वर करून विचारत, "यातून बोध काय घ्यायचा, सर?" वहीत त्यांनी तसा रकानाच आखला होता. मी दरवेळी म्हणे, बोध नको, बघा. ते 'बघा' असं लिहून घेत.

शेवटच्या दिवशी एका मिनिटाचे सिनेमे. १८९५ साली ल्युमिएर बंधूंनी केले तसे: कॅमेरा एका जागी ठेवायचा, हलवायचा नाही, मिनिटभराने बंद करायचा. ल्युमिएरांचे सिनेमे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवले गेले, हेही सांगितलं. आणि कडक अट घातली: संदेश द्यायचा नाही. सगळे मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर गेले. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली घंटा तिथे आहे, पण शिक्षकांना 'स्वदेस'चं शूटिंग झालेल्या पायऱ्या महत्त्वाच्या वाटल्या. परतल्यावर पडद्यावर एक वृक्षारोपण, एक प्लास्टिकमुक्ती आणि हात धुण्याच्या सात पायऱ्या आल्या. काही सिनेमांत तर दुसऱ्याच गटाचे सर सेल्फी काढताना दिसत होते.

मग गुरुजींचा आला. पाण्यात एक म्हैस. पायरीवर एक पोरगं. पोराची चप्पल पाण्यात पडते, ते काठीने ओढू बघतं, चप्पल लांब जाते. म्हैस ढिम्म. संपलं.

"चप्पल पडायच्या आधी पोरानं मागं वळून बघितलं," मॅडम म्हणाल्या. "डावीकडे वर, खांबाआड कुणीतरी बाई आहे." "ती ओरडतेय त्याला." "चप्पल पडली नाही, त्यानं सोडली." एका मिनिटात हे लोक काय काय टिपून बसले होते. मागच्या बाकावर कोण काय करतंय, हे फळ्याकडे तोंड करून ओळखणारी माणसं. त्यांना कोपऱ्यात बघायला कोण शिकवणार? एका सरांनी खोडसाळपणे विचारलं, "गुरुजी, यातून बोध काय घ्यायचा?"

गुरुजी पडद्याकडेच बघत होते. "थांबा हो. पुन्हा लावा आधी. ती बाई मला दिसलीच नव्हती."

साउंडवाल्या पोराने मिक्सरवर हात ठेवला. "सर, म्हशीला इको देऊ का?"