सपाट भिंतीचा हव्यास

नागपूरच्या सक्करदऱ्यात घर वाढतं ते वरच्या दिशेनं. खाली आजी-आजोबा, वर थोरला, आणि धाकट्याचं लग्न ठरलं की वरच्या मोठ्या खोलीच्या दोन खोल्या. मधे विटांची भिंत घालायची तर स्लॅबवर वजन, जिन्यावर वाळू आणि वर पाणी मारत बसायचं. म्हणून आता पत्र्याच्या चौकटीवर जिप्समचे बोर्ड स्क्रूनं आवळतात. साडेबारा मिलिमीटर जाडी, आत जिप्सम, दोन्ही अंगांना कागद. सकाळी नसलेली भिंत संध्याकाळी उभी!

आमच्या शेजारी अशी भिंत उभी राहिली तेव्हा तिथल्या आबांनी बोट वाकवून ती वाजवून पाहिली. "पोकळ हाये ना बे हे," एवढंच म्हणाले. आपल्याकडे भिंतीची परीक्षा कानानं होते. दुसरी परीक्षा खिळ्याची. कालनिर्णयचा भार झेलेल ती भिंत. आणि इथं साधा खिळा ठोकला की तो कॅलेंडरसकट खाली येतो, त्याला वेगळी गिट्टी लागते. आबांच्या लेखी विषय तिथंच संपला होता.

नातवाच्या लेखी तो आता सुरू होत होता. बोर्डांच्या सांधी बुजवून भिंत एकसंध करण्याचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं. कारागीर परवडत नव्हता अशातला भाग नाही. मोबाइलवर अमेरिकेतला एक गृहस्थ हे काम शिटी वाजवत करताना त्यानं पाहिला होता. त्या देशात ऑगस्टीन सॅकेटनं १८९४ साली असल्या बोर्डाचं पेटंट घेतलं. आता तिथल्या बहुतेक घरांच्या आतल्या भिंती याच मालाच्या असतात. तिथल्या माणसाचा हात त्यात बसला असेल तर नवल नाही. आपला हात बसलाय चुन्याच्या कुंच्यावर, तोही दिवाळीच्या तोंडावर.

काम ऐकायला सोपं आहे. सांधीत मसाला भरायचा, त्यावर कागदी टेप दाबायची, वर दुसरा हात, मग त्याहून रुंद तिसरा. टेप नसेल तर घर जरा हललं की सांध्यावर चीर उमटते. हे शहाणपण अमेरिकेचं मात्र नव्हे. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू कालवलेले सापडले आहेत, तेही गिलावा धरून ठेवायलाच. (ही माहिती मी नातवाला दिली नाही. त्या वयात अर्धीच ध्यानात राहते.)

मसाला श्रीखंडासारखा हवा, हे त्याला आजीच्या मदतीनं जमलं. अडलं ते मे महिन्यात. नागपुरात पारा ४५च्या पुढे, बाहेर लू. खिडकी उघडली तर मसाला वरून भराभर वाळून तडकणार. बंद करून कूलर लावला तर त्या ओल्या हवेत तो वाळायचंच नाव घेत नाही, आणि खालचा हात ओला असताना वरचा दिला तर वाळता वाळता दोन्ही आकसणार. भिंतीसाठी कूलर बंद ठेवावा की माणसांसाठी चालू, यावर घरात दोन तट पडले. बुधवार बाजारातून वांग्यांची पिशवी घेऊन परतणारे एक काका वर येऊन तिसरा तट स्थापन करून गेले.

मग घासाई. पॉलिश पेपरनं उडणारी पांढरी भुकटी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन बसली. कुरडया पांढऱ्याच, त्यामुळे भुकटी कुठं संपते आणि कुरडई कुठं सुरू होते ते कुणालाच सांगता येईना. आजीनं सगळा घाणा परत घातला आणि नातवाला घासाईची वेळ ठरवून दिली.

खरी गंमत बल्बची. भिंत डोळ्यांना सपाट दिसू लागली की तिच्या अगदी कडेला बल्ब तिरपा धरतात. प्रकाश आडवा सरकतो आणि जिथं काही नव्हतं तिथं टेकड्या उगवतात. टेकडी घासावी तर शेजारी खड्डा, खड्डा भरावा तर नवी टेकडी. मला वाटतं, खरबरीत भिंतीत खोट नसतेच. ती गुळगुळीत होऊ लागली की जन्माला येते. महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या हातभर जाड भिंतींना पोटं सुटलेली आहेत, पण त्यांच्या कडेला बल्ब धरण्याचा आगाऊपणा कुणी केला नाही. आणि दिवसाढवळ्या, पंख्याखाली, पाहुणा चहा पीत असताना भिंतीकडे तिरप्या नजरेनं कोण बघतं? नातू बघायचा. रात्री जेवण झालं की बल्ब घेऊन वर. काही दिवसांनी बापही जाऊ लागला. बोट फिरवून "इथं आहे थोडं" म्हणायचा आणि खाली येऊन झोपायचा.

अखेर भिंत आरशासारखी झाली नाही, पण बल्बनं तक्रार करणं थांबवलं. तोवर होणाऱ्या सुनेकडून रंगाची निवड आली होती: टेक्सचर. म्हणजे जाडसर रंग थापायचा आणि त्यावर कंगव्यानं लाटा ओढायच्या.

आबांनी नमुन्याच्या तुकड्यावरून हात फिरवला. "हे तं खरबरीत हाये. मंग इतके दिवस घासलं काऊन बे?"

नातू डब्यावरच्या सूचना वाचत होता. पहिलीच सूचना होती : भिंत आधी पूर्ण सपाट करून घ्यावी.