चुका पोटात घालणारं डोकं

माझा चेंडू उजवीकडे जातो. पूर्वेला तोंड करून मारला की दक्षिणेला जातो. पुण्यातल्या ज्या मैदानावर मी दर रविवारी गोल्फ खेळतो, तिथे तिसऱ्या होलच्या उजव्या हाताला माळीबुवांची खोली आहे. मी टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभा राहिलेला दिसलो की माळीबुवा दोरीवरचे कपडे काढून आत नेतात आणि दार लावून घेतात.

या दुखण्याला गोल्फमध्ये स्लाइस म्हणतात. त्याचं कारण मला पाठ आहे. क्लबचं, म्हणजे गोल्फच्या काठीचं, डोकं चेंडूला भिडतं त्या क्षणी त्याचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, माझ्या हातून उजवीकडे उघडा राहतो. उपायही पाठ आहे : रोज सकाळी शंभर चेंडू, निदान सहा महिने. पण मी भोसरीत एकवीस वर्षं मशीन डिझाइन करण्यात घालवलेली. जे काम यंत्राच्या गळ्यात मारता येतं, त्यासाठी स्वतः घाम गाळणं मला डिग्रीचा अपमान वाटतो.

म्हणून मी क्लब बदलायला लागलो.

पहिल्यांदा ब्लेड घेतले. परदेशी निघालेल्या एका गृहस्थांनी ते मला स्वस्तात दिले, तेव्हाच शंका यायला हवी होती. ब्लेड म्हणजे लोखंडाचं घडवलेलं, विळीच्या पात्यासारखं सडसडीत डोकं. दिसायला इतकं देखणं की देव्हाऱ्यात ठेवावं. चेंडू बरोबर मधोमध लागला तर हाताला काही कळतच नाही, लोण्यातून सुरी फिरावी तसं. हे मला माझ्याबरोबर खेळणाऱ्या कर्नलसाहेबांनी सांगितलं, कारण माझा मधोमध कधी लागला नाही. बोटभर बाजूला लागला की डोकं हातात गर्रकन वळायचं आणि कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. डिसेंबरातल्या सकाळी तर ओल्या हाताने इस्त्रीचा प्लग काढल्यासारखं व्हायचं.

अशा माणसांसाठी देवाने कार्स्टन सोल्हाइमला जन्माला घातलं. जन्म नॉर्वेचा, नोकरी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये, पेशाने इंजिनिअर. गोल्फला लागला तो चाळिशी उलटल्यावर, आणि पटिंग, म्हणजे जवळून चेंडू होलमध्ये ढकलणं, जमेना. इथवर आमची पत्रिका तंतोतंत जुळते. पुढे मात्र त्याने 1959 साली घरच्या गॅरेजमध्ये स्वतःचा पटर बनवला. डोक्याचं वजन मधून काढून त्याने दोन्ही टोकांना नेलं. चेंडूला लागताना त्या पटरचा जो आवाज यायचा, तेच त्याने नाव ठेवलं : पिंग.

यातलं मर्म कळायला कावड डोळ्यांपुढे आणावी. नुसती काठी खांद्यावर असली तर माणूस बाजारात कसाही गिरकी घेईल. तिच्या दोन्ही टोकांना भरलेल्या घागरी लटकवा, मग त्याला वळवून दाखवा! वजन कडेला गेलं की वस्तू सहजासहजी वळत नाही. क्लबचं डोकंही तसंच. चेंडू टोकाला लागला तरी ते फारसं वळत नाही, चेंडू थोडाफार सरळ जातो, कोपर शाबूत राहतं. पाठीमागून पोखरलेले, कडांना जाड असलेले आयर्न क्लब निघाले ते याच हिशेबाने. तेही मी घेतले. माळीबुवांचे कपडे तरीही आतच.

मग ड्रायव्हर नावाचा लांब फटक्याचा क्लब घेतला. ही बातमी घरी सांगितल्यावर आई म्हणाली, "गाडी तर तूच चालवतोस. पगार किती द्यायचा त्याला?" किंमत ऐकल्यावर बायको एवढंच म्हणाली, "तुमचं डोकं गेलंय." ते भविष्य होतं, हे तेव्हा कळलं नाही.

ड्रायव्हरचं डोकं एके काळी पर्सिमनच्या लाकडाचं, मुठीत मावेल एवढं असायचं. 1979 मध्ये पोलादी डोकं बाजारात आलं. 1991 साली कॅलवेने 190 घनसेंटिमीटरचं डोकं काढून त्याला पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तोफेचं नाव दिलं, बिग बर्था. मग पोलादापेक्षा कितीतरी हलकं टायटॅनियम आलं आणि डोकी भोपळ्यासारखी फुगत चालली. शेवटी नियम करणाऱ्यांनी 460 घनसेंटिमीटरची वेस घातली. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीपेक्षा जरासंच कमी, आणि आत सगळं पोकळ. आपल्याकडे चुका पोटात घालतात, आणि त्याला पोट मोठं लागतं. या क्लबचं डोकं म्हणजे नुसतं पोटच.

त्याचा फेससुद्धा सपाट नसतो, किंचित फुगीर असतो. चेंडू टोकाकडे लागला की डोकं एका दिशेला वळतं आणि दात्यात दाते अडकलेल्या चाकांसारखा चेंडू उलट दिशेला फिरतो. फुगीरपणामुळे तो आधी बाहेर निघतो, फिरकीमुळे परत आत येतो. हा सगळा संसार अर्ध्या मिलिसेकंदात उरकतो. वाचून माझे डोळे पाणावले.

एक बारीक गोष्ट मी वाचायची टाळली होती. क्लब माफ करतो ते चेंडू फेसवर कुठे लागला हे. फेस कुठे बघत होता, हा गुन्हा त्याच्या अखत्यारीत येत नाही.

त्यावर तोडगा म्हणून या ड्रायव्हरला एक वजन होतं, ते टाचेकडे सरकवलं की फेस मिटायला मदत होते. शिवाय डोकं दांडीपासून सुटं करून त्याचा कोन बदलता येत होता. सोबत एक चावी. स्क्रू पुरता आवळला की ती 'कट्' असा आवाज करते. शनिवारी रात्री जेवणाच्या टेबलावर मी डोकं सोडवलं, वजन सरकवलं, कोन बदलला आणि उत्सुकता म्हणून ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. 199 ग्रॅम. एवढ्यात बायकोला केकच्या मैद्यासाठी काटा हवा झाला. डोकं उचललं, दांडीवर बसवलं, चावी दोन वेढे फिरवली. सोल्हाइमला 'पिंग' ऐकू आला. मला 'कट्' ऐकू आला नाही, कारण मी तो ऐकायला थांबलोच नाही.

सकाळी पहिला होल. समोर आडवं तळं, उजवीकडे पसरत गेलेलं. आमचे कॅडी, ज्यांना सगळे मामा म्हणतात, नेहमीप्रमाणे म्हणाले, "साहेब, डोकं खाली ठेवा." ठेवलं. जीव खाऊन फिरवला. हात एकदम हलके झाले, मी स्वतःभोवती दीड फेरा घेतला. थांबलो तेव्हा हातात नुसती दांडी होती आणि चेंडू टीवर जिथल्या तिथे, मला न्याहाळत.

"साहेब, डोकं गेलं!" मामा ओरडले.

"कुठे?"

"पाण्यात. पण काय सरळ गेलं!"

खरंच सरळ गेलं होतं. साठ-सत्तर पावलं, रेषेत. माझ्या कारकिर्दीतला तो पहिला सरळ फटका, आणि त्यात चेंडूचा सहभाग नव्हता.

आम्ही काठावर गेलो. डोकं बुडालं नव्हतं. 460 घनसेंटिमीटर आकारमान, 199 ग्रॅम वजन, आर्किमिडीजचा आशीर्वाद : निम्म्याहून अधिक पाण्याबाहेर, डुलत. तळाशी माझे बेचाळीसेक चेंडू. चेंडू आकाराच्या मानाने जड, म्हणून बुडतो. कर्नलसाहेब बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "नारळी पौर्णिमेला अजून अवकाश आहे हो."

मामांनी चेंडू काढायच्या लांब जाळीने ते ओढून आणलं, शर्टाला पुसलं आणि माझ्या हातात दिलं. देताना काही बोलले नाहीत. मीही नाही.

त्या रात्री मी चावी फिरवली आणि 'कट्' ऐकला. खात्रीसाठी बायकोलाही बोलावून ऐकवला.

पुढच्या रविवारी तोच होल. मामा माझ्यापासून चांगले दहा पावलं लांब, झाडाआड. मी फिरवला. चेंडू निघाला, मधल्या मध्ये विचार बदलल्यासारखा उजवीकडे वळला आणि तळ्याच्या दूरच्या कोपऱ्यात डुबुक झाला.

मामा झाडाआडून बाहेर आले. आधी माझ्या हातातल्या क्लबकडे पाहिलं, मग पाण्याकडे.

"छान," ते म्हणाले, "या वेळी नुसता चेंडूच गेला."