राणी, छक्की, चौकी

थ्री कार्ड पोकर शिकायला पाच मिनिटं पुरतात. ज्यांनी दिवाळीत तीन पत्ती खेळली आहे, त्यांना त्याहून कमी. फोनवर खेळ उघडला की हिरवं टेबल दिसतं. तुमच्या पुढ्यात 'अँटी' आणि 'प्ले' अशा दोन जागा असतात. अँटी म्हणजे आपला बूट. तिथे चिप ठेवली की तुम्हाला तीन पत्ते मिळतात आणि डीलरचे तीन पालथे राहतात. मग तुम्हाला एकच निर्णय घ्यायचा असतो. अँटीइतकीच आणखी एक चिप प्लेवर ठेवून पुढे जायचं, नाहीतर पत्ते टाकून अँटीवर पाणी सोडायचं.

पुढे गेलात की डीलर पत्ते उलटतो. त्याच्याकडे निदान राणी लागते. तीही नसेल तर अँटीवर एकास एक मिळतात आणि प्लेची चिप तशीच परत येते. राणी किंवा त्याहून मोठं काही असेल तर सरळ तुलना होते: जिंकलात तर दोन्ही चिपांवर एकास एक, हरलात तर दोन्ही गेल्या. सिक्वेन्स (ओळीने तीन पत्ते), ट्रेल (तिन्ही सारखे) किंवा प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाची ओळ) आला तर अँटीवर वेगळा बोनस मिळतो. संपला खेळ.

तीन पत्तीवाल्यांनी एक फरक मात्र नीट लक्षात ठेवावा. आपल्याकडे ट्रेल सगळ्यांच्या डोक्यावर. इथे प्युअर सिक्वेन्स वर आणि ट्रेल त्याच्या खाली. हिशोबाने इथलंच बरोबर आहे. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते 22,100 प्रकारे निघतात. त्यांत ट्रेल 52 आणि प्युअर सिक्वेन्स 48, म्हणजे प्युअर जास्त दुर्मीळ. साधे सिक्वेन्स 720 आणि कलर, म्हणजे ओळ नसलेले एकाच चिन्हाचे तीन पत्ते, 1,096; म्हणून कलर सिक्वेन्सच्या खाली. जोड्या 3,744. उरलेल्या 16,440 हातांत काहीच जुळत नाही, नुसता मोठा पत्ता बघायचा. चारांतले जवळजवळ तीन हात असे रिकामे. फोनसमोर बसलेल्याने हा आकडा आधी पाठ करावा, कारण 'आज पत्तेच लागत नाहीत' ही तक्रार मग तोंडून निघणार नाही. पत्ते असेच लागतात.

आता पुढे जायचं कधी? याचं उत्तर गणिताने केव्हाच देऊन ठेवलं आहे: राणी, छक्की, चौकी. हातात हे किंवा याहून वरचं असेल तर प्ले, नाहीतर टाका. राणी-छक्की-तिरी असेल तरी टाका. हा नियम पाळला तर तीनांतला साधारण एक हात टाकून द्यावा लागतो, आणि तो टाकताना हात जड होतो, कारण अँटी गेलेली डोळ्यांना दिसत असते. पण न बघता प्रत्येक हाताला प्ले करणाऱ्याचं अँटीमागे सरासरी साडेसात टक्क्यांहून जास्त जातं. नियम पाळणाऱ्याचं 3.37 टक्के. शहाणपणाने फरक पडतो तो एवढाच. तोटा निम्म्यावर येतो, शून्यावर येत नाही. कितीही अभ्यास करा, ती रेघ ओलांडता येत नाही, कारण आधी पत्ते तुम्हाला टाकावे लागतात. तुम्ही अँटी सोडून उठता तेव्हा दहांतल्या तीन वेळा डीलरकडेही राणी नसते. पण ते बघायला तुम्ही डावात उरलेलेच नसता.

इथे कुणाला फसवायचीही सोय नाही. घरच्या तीन पत्तीत ब्लाइंड चाल खेळून समोरच्याला पॅक करायला लावता येतं, त्याचा चेहरा वाचता येतो. कॅसिनोच्या डीलरला कसलाच निर्णय घ्यायचा नसतो. त्याच्याकडून नियम खेळत असतो.

3.37 टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. माझं सगळं म्हणणं त्याच आकड्याबद्दल आहे. खऱ्या टेबलावर, समजा पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या एखाद्या कॅसिनो बोटीवर, पत्ते माणूस वाटतो. पत्ते पिसायचे, वाटायचे, चिपा मोजायच्या, कुणाचं तरी बोलणं संपायची वाट बघायची. तासाला चाळीस-पन्नास डाव धरा. पन्नास डावांत सरासरी तोटा दोन अँटींच्याही आत, आणि नशिबाचे चढउतार त्याच्या कितीतरी पट. म्हणून अशा बैठकीतून फायद्यात उठणारे शंभरांत चाळीसहून जास्त निघतात. त्यांचं जिंकणं खरं असतं.

तोच खेळ फोनवर आला की वाट बघणं उरत नाही. अंगठा टेकला, पत्ते आले, अंगठा टेकला, निकाल लागला. मिनिटाला पाच डाव म्हणजे तासाला तीनशे. रोज एक तास धरला तर महिनाभरात नऊ-दहा हजार डाव होतात. दहा हजार डावांनंतर सरासरी तोटा 337 अँटींचा, आणि नशीब त्याला झाकू शकत नाही. त्या टप्प्यावर फायद्यात असलेला माणूस ढोबळमानाने पन्नासांत एक सापडेल, तोही प्रत्येक हात नियमाने खेळला असेल तर. रात्री अकरानंतर अंथरुणात पडून कोण नियमाने खेळतं? शंभराची अँटी असेल तर 337 अँटी म्हणजे 33,700 रुपये. पत्ते तेच, नियम तेच, टक्केवारीही तीच. वाढला तो वेग. आणि तो खेळाच्या नियमांत कुठेही लिहिलेला नसतो.

हे ज्याला सगळ्यांत आधी कळायला हवं, त्याला कळलंही. थ्री कार्ड पोकर 1994 साली तयार केलं ते डेरेक वेब या ब्रिटिश पोकरपटूने. पुढे याच वेबने ब्रिटनमधल्या सट्टादुकानांतल्या यंत्रांविरुद्ध स्वतःचे पैसे घालून मोहीम उभी केली. त्या यंत्रांवर दर वीस सेकंदांना शंभर पाउंड लावता येत. एप्रिल 2019 मध्ये ती मर्यादा शंभरावरून दोन पाउंडांवर आली. टेबलाच्या खेळातून पैसा मिळवलेल्या माणसाने यंत्राच्या वेगाविरुद्ध लढावं, यात मला कसलीही विसंगती दिसत नाही. उलट हा फरक त्याच्याइतका कुणाला ठाऊक असणार?

आपल्याकडे 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड; खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठ्या भारतीय कंपन्यांनी पैशांचे डाव थांबवले. हा कायदा मला हवा होता आणि आहे. महाराष्ट्राने 1976 साली कॅसिनोंसाठी केलेला कायदा कधी अमलात आणला नाही, 2023 साली तो रद्दही केला. तोवर कॅसिनो प्रत्येकाच्या खिशात पोचला होता.

पण परदेशातून चालणारी अ‍ॅप लिंकवर लिंक पाठवतच असतात. तिथे पैसे लावू नका. भीती नुसती कायद्याची नाही. पैसे अडकले तर जाब विचारायला दार नाही, आणि पत्ते खरोखर पिसले जातात की नाही हे बघणारंही कुणी नाही.

ज्यांना हा खेळ डोक्यासाठी खेळायचाय, त्यांनी फुकटच्या चिपांवर जरूर खेळावा. चांगला खेळ आहे. फक्त 'पेअर प्लस' नावाच्या तिसऱ्या जागेकडे नीट बघा. जोडी किंवा त्याहून वरचं काही आलं तर तिथे पैसे मिळतात, डीलरकडे काहीही असो. कलरला एकास चार देणाऱ्या एका प्रचलित टेबलावर तिथला तोटा 2.32 टक्के. कलरला एकास तीन लिहिलं, बाकी सगळं तेच ठेवलं, की तोटा 7.28 टक्के. एका आकड्याने तिपटीहून जास्त. तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात माहितीच्या बटणामागे लपलेला असतो. खेळायच्या आधी ते बटण दाबा.

आणि त्याहून बरं म्हणजे पत्त्यांचा खरा कॅट काढा, चिपांऐवजी चिंचोके घ्या, घरातल्या एकाला डीलर करा आणि कागदावर प्रत्येक हात लिहून ठेवा: काय आलं, टाकला की खेळला, किती गेले. नववी-दहावीतली मुलं असतील तर त्यांना 48 आणि 52 मोजून काढायला सांगा. ट्रेलचे 52 ती लगेच काढतील. प्युअरच्या 48 मध्ये एक्का-दुरी-तिरी आणि एक्का-राजा-राणी दोन्ही धरायचे असतात, तिथे वाद होईल. तो होऊ द्या.