नानांचा एल

आमच्या पिंपळगावात दर गल्लीला एक नाना असतो. द्राक्षबागेवर डाऊनी दिसली की हा माणूस दुकानातून औषधाच्या बाटल्या उचलताना किंमतही विचारत नाही. पण दारात जुनी कार आली आणि ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने पाच हजार सांगितले, तेव्हा आमच्या गल्लीतले नाना ओट्यावर मटकन बसले.

"पाच हजार? तीस वर्षं ट्रॅक्टर हाकतोय मी. तिकडं काय, एवढंच की छप्पर नव्हतं!"

शिकाऊ परवाना नातवाने मोबाईलवर काढून दिला. दीडशे परवान्याचे, पन्नास परीक्षेचे. आता दोनशेत सरकार शिकायची परवानगी देतं, तर शिकवायचे पाच हजार कसले, हा नानांचा सवाल. गाडीला लाल एल लावावा लागतो. पण स्टिकर विकत आणतील ते नाना कसले? खताच्या पांढऱ्या गोणीचा तुकडा कापून त्यावर सूनबाईंच्या नेलपॉलिशने एल काढला. बाटली संपली. ती स्टिकरहून महाग होती, हे सूनबाईंनी दोनदा ऐकवलं.

गुरू म्हणून पिकअपवाला पुतण्या धरला. तो बाजार समितीत टोमॅटो उतरवून संध्याकाळी मोकळा व्हायचा. गुरुदक्षिणा रोजची एक मिसळ, तीही जादा पावासकट. रिव्हर्स शिकवायला त्याने खळ्यावर रिकाम्या क्रेटच्या दोन रांगा लावल्या. नाना मान मागे वळवून, एक हात सीटवर टाकून, अगदी बस ड्रायव्हरच्या थाटात मागे आले. शेवटचा क्रेट रिकामा नव्हता. वीस किलो टोमॅटोवरून चाक गेलं तेव्हा झालेला आवाज मी माझ्या ओट्यावर ऐकला.

"जाऊ दे," नाना उतरून म्हणाले, "बारीकच माल होता."

ट्रॅक्टरची सवय अशी की डावा पाय क्लचवरच मुक्कामाला. वळायचं असलं की इंडिकेटर नाही, खिडकीतून अख्खा हात बाहेर. उतार दिसला की गाडी न्यूट्रल, पेट्रोल वाचतं म्हणून. महामार्गाला तर ते लागतच नाहीत. सर्व्हिस रोडने टोलनाका लांबून दिसला, की देवाला करावा तसा नमस्कार करून परत.

पण नानांची खरी कला पाहायची तर त्यांची हिशेबाची वही पाहा. एकदा मला कौतुकाने दाखवली. 'गाडी शिकणे' या पानावर एकच ओळ: 200 रुपये. मी मागची पानं चाळली. जळालेली क्लचप्लेट 'बाग किरकोळ' खाली होती. बंपर 'लग्नकार्य' खाली, कारण तो लग्नाला जाताना मंडपाच्या खांबाला लागला. मिसळ 'मजुरी'त. टोमॅटो कुठेच नव्हते. विचारलं, तर म्हणाले, "घरच्या मालाचा काय हिशेब लिहायचा?"

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि तीस दिवसांनंतर पक्क्याची परीक्षा देता येते. नाशिकला पेठ रोडवर आरटीओत जायचं, चाचणीचे तीनशे भरायचे, गाडी चालवून दाखवायची. नाना गेले नाहीत. "नापास झालो तर तीनशे पाण्यात. पक्कं आल्याबिगर जायचंच नाही." मुदत संपली की पुन्हा दोनशे भरून नवा शिकाऊ. ते तीनशे वाचवायला असे दोनदा दोनशे गेले. सध्या तिसरा चालू आहे.

मध्यंतरी सूनबाई माहेरी जाते म्हणून महिनाभर रोज सकाळी बाहेर पडत होत्या. परवा त्यांचा पक्का परवाना पोस्टाने घरी आला. नाना तासभर गप्प होते. मग त्यांच्या ध्यानात आलं, की शिकाऊ माणसाच्या शेजारी परवानावाला बसलेला लागतो, आणि तो आता घरातच आहे. पुतण्याची मिसळ त्याच दिवशी बंद झाली.

आता रोज संध्याकाळी सूनबाई शेजारी बसतात, हात हँडब्रेकवर ठेवून. पेट्रोल नानांनी भरायचं आणि ते 'गाडी शिकणे' याच पानावर लिहायचं, अशी त्यांची अट आहे.