रणजीकाका

उपनगरातल्या प्रत्येक हाउसिंग सोसायटीत काही पदं निवडणुकीविना भरली जातात. पाण्याची मोटर वेळेवर लागली की नाही हे बघणारे एक, गाडी कुणी वाकडी लावली ते शोधणारे एक, आणि मुंबईच्या रणजी संघाची पुनर्बांधणी करणारे एक. हे तिसरे ते रणजीकाका. बोरिवलीत असतात, मुलुंडला असतात, घाटकोपरला असतात. अंधेरीत तर विंगेगणिक असतात. वय साठीच्या पुढे. मूळ पत्ता गिरगाव, दादर नाहीतर परळ. बोरिवलीत येऊन पस्तीस वर्षं झाली तरी चर्चगेटला निघताना ‘जरा मुंबईला जाऊन येतो’ म्हणणार. मात्र संघाचा विषय निघाला की मुंबई एकदम दहिसर चेकनाक्यापर्यंत येते आणि रोहित शर्मा ‘आपल्या बोरिवलीचा’ होतो.

काकांचं कार्यालय म्हणजे गेटजवळचा सिमेंटचा बाक. कामाची वेळ संध्याकाळी सहा ते पोळ्या होईपर्यंत. अध्यक्षीय भाषणाची सुरुवात ठरलेली : ‘‘मुंबई म्हणजे काय होती!’’ मग १९५८-५९ ते १९७२-७३. सलग पंधरा रणजी अजिंक्यपदं. ‘‘पंधरा! मधल्या काळात देशाचे पंतप्रधान बदलले, रणजी विजेता बदलला नाही.’’ यातली पहिली काही वर्षं काका रांगत होते. पण सांगतात अशा थाटात, की संघनिवडीच्या बैठकीला चहा यांनीच नेऊन दिला असावा.

त्यानंतर १९९१ ची फायनल. हरियाणाविरुद्ध ३५५ चा पाठलाग, सचिनच्या ९६, वेंगसरकर नाबाद १३९ आणि अखेर दोन धावांनी पराभव. त्या दिवशी आपण वानखेडेवर होतो असं सांगणाऱ्या सगळ्या काकांना एकदम बसवायचं म्हटलं, तर स्टेडियमला वाढीव एफएसआय घ्यावा लागेल. त्या दोन धावा कशा काढता आल्या असत्या, हे काका बाकासमोरच्या मोकळ्या जागेत छत्री घेऊन दाखवतात. छत्री घेऊन धावल्यावर मात्र ते आजवर एकदाही रनआउट झालेले नाहीत.

पडझड नेमकी कधी सुरू झाली, यावर काकाकाकांत मतभेद आहेत. कुणी म्हणतात वनडे आली तेव्हा, कुणी म्हणतात आयपीएल आली तेव्हा. बारकाईने पाहिलं तर प्रत्येकाची तारीख साधारण त्याच वर्षाशी जुळते, ज्या वर्षी त्याने स्वतः मैदानात जाणं सोडलं.

बाकावरचे विरोधी पक्षनेते म्हणजे काकांचे मुलुंडचे मेहुणे. रविवारी बहिणीकडे जेवायला येतात आणि मध्य रेल्वेची बाजू मांडतात. ‘‘भावजी, तुमचा बोरिवलीचा एक, आमच्या लाइनीवर डोंबिवलीचा रहाणे.’’ मग काका पश्चिम रेल्वेचा पल्ला पालघरपर्यंत वाढवून शार्दुल ठाकूर आणतात. विरारचा पृथ्वी शॉ पूर्वी काकांच्या खात्यात असे. २०२५ मध्ये तो महाराष्ट्राकडून खेळायला गेला तेव्हापासून तो ‘तसा मुंबईचा नव्हेच, विरारचा’ झाला आहे.

मेहुण्यांचं म्हणणं खरं तर विचार करण्यासारखं असतं. मराठी माणूस गिरगाव-दादर सोडून वसई, विरार, डोंबिवलीला गेला. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क काही त्याच्या मागोमाग गेलं नाही. पोरं एका टोकाला, खेळपट्ट्या दुसऱ्या टोकाला. किटबॅग घेऊन पहाटेची लोकल पकडणारा मुलगा नेटपर्यंत पोचतो तेव्हा अर्धा दमलेला असतो. काकांना हे कारणच मान्य नाही. ‘‘उलट तोच खरा सराव! विरार लोकलमध्ये बॅट घेऊन चढला आणि बोरिवलीला उतरला, त्याला बाउन्सर काय घाबरवणार?’’

काकांची स्वतःची कारणं वेगळी. कांगा लीगचा चिखल सुकला, हे पहिलं. १९४८ पासून चालत आलेली ही स्पर्धा भर पावसाळ्यात, उघड्या खेळपट्टीवर. ‘‘चेंडू कुठे उडेल देवाला ठाऊक नसायचं, म्हणून तंत्र घट्ट व्हायचं.’’ कंपन्यांच्या नोकऱ्या गेल्या, हे दुसरं. टाटा, एसीसी, निर्लॉन, मफतलाल अशा कंपन्या खेळाडूंना पगार देत आणि टाइम्स शील्डसाठी रजाही देत. काकांनाही ऑफिसच्या संघात बारावा गडी म्हणून कायमचं स्थान होतं. तिसरं कारण खडूसपणा गेला. काकांच्या मते खडूस म्हणजे समोरच्याला काही न देणारा. हा गुण त्यांच्यात अजून शिल्लक आहे, याची ग्वाही सोसायटीचा खजिनदार देईल.

हल्लीची वाईट वर्षं काका चवीने सांगतात. २०१७ मध्ये मुंबईचा पाचशेवा रणजी सामना, सत्कारसमारंभ, आणि बडोद्यापुढे १७१ त सगळे बाद! सिद्धेश लाड दिवसभर खेळपट्टीला चिकटला म्हणून अब्रू वाचली. पाठोपाठ दोन हंगाम बाद फेरीचं तोंड दिसलं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये वानखेडेवर रेल्वेने तीन दिवसांत दहा गडी राखून हरवलं. ‘‘रेल्वेने माझ्या आयुष्यात वेळेआधी केलेलं हे एकमेव काम,’’ काका म्हणतात. एवढं बोलून त्यांना इतकं समाधान वाटतं, की पराभव पचून जातो.

आता पुनर्बांधणी. सोसायटीचाही पुनर्विकास गेली काही वर्षं चर्चेत असल्यामुळे काकांच्या बोलण्यात दोन्ही कामांची फाइल एकच झाली आहे. संघाचं स्ट्रक्चरल ऑडिट करा. पाया म्हणजे शालेय क्रिकेट, तो हॅरिस शील्डपासून तपासा. जुने खांब काढा. इथपर्यंत सगळ्या बाकाचं एकमत असतं. मग तिसऱ्या मजल्यावरचा मुंबई इंडियन्सची निळी जर्सी घालणारा पोरगा विचारतो, ‘‘मग काका, रहाणेला काढायचं का?’’

‘‘त्याला हात लावायचा नाही. अनुभव लागतो.’’

‘‘मग नवा पोरगा कुठे बसवायचा?’’

‘‘घाई नको. पिकू दे.’’

थोडक्यात, पुनर्बांधणी झालीच पाहिजे, पण एकाही भिंतीला धक्का लागता कामा नये.

मार्च २०२४ मध्ये मुंबईने वानखेडेवर विदर्भाला १६९ धावांनी हरवून आठ वर्षांनी रणजी करंडक आणला. बेचाळिसावा. पोरग्याने पेढे आणले. काकांनी पेढा घेतला, चष्मा पुसला आणि हरकत नोंदवली. उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध दहाव्या क्रमांकाच्या तनुष कोटियनने आणि अकराव्या क्रमांकाच्या तुषार देशपांडेने शतकं ठोकून शेवटच्या जोडीला २३२ धावा जोडल्या, यावर सगळं जग खूश होतं. ‘‘अकरावा शतक मारतो याचा अर्थ काय? पहिले नऊ काय करत होते? हीच तर पडझड!’’ उपांत्य सामन्यात शार्दुलने नवव्या क्रमांकावर शतक काढलं, तेही याच फाइलला पुरावा म्हणून जोडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात सत्तावीस वर्षांनी इराणी करंडक आला, तेव्हा काका चार दिवस बाकावर फिरकलेच नाहीत. घरच्यांना वाटलं, तब्येत बरी नाही.

जानेवारी २०२५ ने त्यांना पुन्हा हिंडतंफिरतं केलं. बीकेसीच्या मैदानावर रोहित, यशस्वी, रहाणे, श्रेयस असा राजेशाही संघ उतरला आणि जम्मू-काश्मीरने पहिल्याच दिवशी १२० त गुंडाळून पुढे सामनाही जिंकला. त्या संध्याकाळी काका साडेपाचलाच हजर. सामना चालू असताना पोरगा म्हणाला होता, ‘‘काका, बीकेसी काही लांब नाही. जाऊ या बघायला.’’ त्यावर काका म्हणाले होते, ‘‘तिथे जाऊन क्रिकेट दिसतं रे, पण बोलता येत नाही.’’

या बाकावर एकच माणूस काकांना भारी पडतो : चौथ्या मजल्यावरचे नागपूरकर. कमी बोलतात. त्यांच्या विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीन अजिंक्यपदं घेतली. शेवटच्या खेपेला उपांत्य फेरीत मुंबईलाच ८० धावांनी घरी पाठवून. एका रविवारी त्यांनी शांतपणे पहिल्या दोन करंडकांच्या प्रशिक्षकाचं नाव घेतलं. चंद्रकांत पंडित. मुंबईचे. २०१५-१६ मध्ये मुंबईला एकेचाळिसावा करंडक मिळवून देणारे, पुढच्या वर्षी फायनल हरल्यावर मुंबईने ज्यांना पुन्हा नेमलं नाही ते. २०२१-२२ मध्ये मध्य प्रदेशाने फायनलमध्ये मुंबईला हरवलं, तेव्हा तिकडचे प्रशिक्षकही तेच. ‘‘काका, तुम्ही म्हणता मुंबईची पडझड झाली. मला तर वाटते, तुम्ही आपला बिल्डर आम्हाला देऊन टाकला.’’

बाकावर पहिल्यांदाच शांतता पसरली. मेहुणेसुद्धा काकांकडे बघू लागले. काकांनी छत्री बाजूला ठेवली, बोटं पुढे केली आणि मोजायला सुरुवात केली. ‘‘आमचे बेचाळीस. पंडितने तुम्हाला दिले ते दोन, म्हणजे माणूस आमचा, म्हणजे आमचेच. चव्वेचाळीस. मध्य प्रदेशाचा एक. पंचेचाळीस.’’ मग सगळ्या बाकाकडे विजयी मुद्रेने पाहून म्हणाले, ‘‘कोण म्हणतो मुंबईची पडझड झाली?’’

गेली पस्तीस वर्षं ते कोण म्हणत होतं, हे काकांना सांगण्याची कुणाचीच छाती झाली नाही. नागपूरकर तेवढे उठता उठता म्हणाले, ‘‘तिसरा मात्र आमचा आमीच जिंकला बरं.’’ काकांनी तो मुद्दा पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला.